मातीतला बेडूक

परवा पुण्याहून धाकटा नातू आला होता. कॉलेजच्या मित्रांबरोबर पावसात कुठल्याशा टेकडीवर जाऊन आला होता आणि तिथले फोटो मला मोबाइलवर दाखवत होता. फुलं झाली, कोळी झाले, आणि मग एक फोटो आला. ओल्या मुरमावर बसलेला एक लहानसा, गोलमटोल बेडूक. मान नाहीच म्हटलं तरी चालेल. तोंड आखूड, डोळे बटबटीत, आणि चेहऱ्यावर कचेरीतल्या हेडक्लार्कसारखा कंटाळा.

"आजी, हा तुमच्या सोलापुरात असतो का गं?"

"असायचा," मी म्हटलं.

तो पुढच्या फोटोकडे गेला. मी मात्र तिथेच अडकले. पस्तीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं. 'असतो' हा वर्तमानकाळ आणि 'असायचा' हा रीतिभूतकाळ, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. पण तोंडातून सहज गेलेल्या त्या एका क्रियापदाने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. कारण असायचा म्हणजे नक्की कधीपर्यंत असायचा? आणि गेला असेल तर कुणामुळे गेला? त्या दोन रात्रींत जे जे आठवलं आणि जे वाटलं, ते आज लिहिते आहे. लेख थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी हा बेडूक पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी त्याचं वर्णन करते. डबक्याच्या काठावरून टणकन उडी मारणारा, लांब तंगड्यांचा जो बेडूक आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हा नव्हे. हा असेल चार-पाच सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. अंग फुगीर, मागचे पाय आखूड. रंग मातीचाच, त्यावर गडद तपकिरी ठिपके आणि डाग. काहींच्या पाठीवरून मधोमध एक फिकट रेघ जाते. पोट पांढरं. नराचा गळा काळपट असतो, कारण ओरडताना तिथली पिशवी फुगते. उडी मारतो, पण मनापासून मारत नाही. दोन-चार लहान उड्या मारून दमल्यासारखा बसतो.

त्याची खरी कमाल मागच्या पायांच्या तळव्यांत आहे. आतल्या बाजूला फावड्याच्या पात्यासारखा एक कडक उंचवटा असतो. हा बेडूक डोक्याने किंवा पुढच्या पायांनी उकरत नाही. तो बसल्या जागी मागचे पाय आळीपाळीने बाहेर सारतो, माती दोन्ही बाजूंना ढकलतो आणि पाठमोरा खाली खाली जात राहतो. शेवटी फक्त डोळे वर उरतात, मग तेही जातात आणि वरची माती आपोआप मिटते. दरबारातून बाहेर पडताना राजाला पाठ दाखवायची नाही म्हणून उलट्या पावलांनी निघालेल्या मानकऱ्यासारखं ते दृश्य असतं. वर्षातला बराचसा काळ तो असा मातीखाली काढतो. पहिला दमदार पाऊस झाला की वर येतो, वाळवी, मुंग्या, किडे खातो, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि जमीन कोरडी पडू लागली की परत खाली जातो. पिल्लांनाही घाई असते. डबकं आटायच्या आत शेपटी टाकून पाय फुटले पाहिजेत, नाहीतर संपलंच.

आमच्या सोलापूर जिल्ह्याला वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तोही कधी पडतो, कधी फिरकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या घरात. अशा मुलखात ओल्या कातडीचा प्राणी राहायचा म्हणजे त्याला हाच मार्ग. आम्हीही तेच करतो म्हणा. दुपारी बारा ते चार दारं-खिडक्या लावून आत बसतो.

आता एक जुनी गोष्ट. ही मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही.

१९७२ साली मी शिक्षिका म्हणून लागले. सांगोला तालुक्यातलं एक लहान गाव. वय तेवीस, हातात शिवाजी विद्यापीठाची बी.ए.ची नवी पदवी, आणि डोक्यात 'आपण खेड्यात ज्ञान घेऊन आलो आहोत' अशी हवा. त्याच वर्षी तो दुष्काळ पडला. ज्यांनी पाहिला त्यांना वर्णन नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर. खडी फोडायची, नाहीतर पाझर तलाव खणायचा. शाळेत सुकडी मिळायची म्हणून मुलं यायची. पाण्याचा एक माठ वर्गात असायचा आणि त्यातलं पाणी मोजून द्यायचं, हा हेडमास्तरांचा नियम.

१९७३च्या मार्च-एप्रिलमधली गोष्ट. वर्गात विज्ञानाच्या तासाला बेडूक शिकवत होते. गावात दोनच शिक्षक, त्यामुळे सगळे विषय आम्हीच शिकवायचे. बेडूक उभयचर आहे, तो पाण्याजवळ राहतो, असं पुस्तकात होतं तसं सांगितलं. मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याचे आईबाप तलावाच्या कामावर होते. म्हणाला, "बाई, बेडूक मातीत ऱ्हातो." वर्ग हसला. मी म्हटलं, "पुस्तकात काय लिहिलंय? वाच." त्याने वाचलं आणि पुन्हा म्हणाला, "पर मातीत ऱ्हातो."

दुसऱ्या दिवशी तो ॲल्युमिनियमच्या डब्यात मातीचं एक ढेकूळ घेऊन आला. खणताना हातभर खाली सापडलं म्हणाला. मी पाहिलं तर खरोखरच ढेकूळ. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले, सगळ्या अंगाला माती. मी म्हटलं, "मेलेला आहे तो. टाकून दे बाहेर." त्यावर त्या पोराने काय करावं? सरळ माठाकडे गेला, पेलाभर पाणी काढलं आणि त्या ढेकळावर ओतलं.

प्यायचं पाणी! त्या दिवसांत! मी पट्टी उचलली आणि त्याच्या हातावर दोन मारल्या. अंगठे धरून उभं केलं. तास पुढे चालू केला. दहा-पंधरा मिनिटांनी पुढच्या बाकावरची एक मुलगी ओरडली. डब्यातल्या ढेकळाने डोळे उघडले होते.

सगळा वर्ग डब्याभोवती जमला. मी त्या मुलाला म्हटलं, "बस खाली." एवढंच म्हटलं. तुझं बरोबर होतं, असं म्हणाले नाही. पुस्तकात आहे त्यापेक्षा जास्त तुला ठाऊक आहे, असंही म्हणाले नाही. पुढच्या वर्षी त्याच्या घरच्यांनी गाव सोडलं, ऊसतोडीला की आणखी कुठे गेले. त्याचं नाव मला पक्कं आठवतं, पण इथे लिहीत नाही. आज तोही साठीच्या पुढे असेल. त्या दोन पट्ट्या माझ्या हिशेबात जमा आहेत आणि त्यांची फेड राहून गेली आहे.

हे सगळं इतक्या विस्ताराने सांगायचं कारण असं की, त्या दिवशी वर्गात दोन प्रकारचं ज्ञान समोरासमोर आलं होतं. एक छापलेलं आणि एक खणून काढलेलं. पट्टी छापलेल्याच्या हातात होती. आपल्याकडे अजूनही बऱ्याचदा तसंच आहे.

खरं तर आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक अख्खं सूक्त आहे, मंडूकसूक्त. त्यात वर्षभर व्रतस्थ ऋषींसारखे गप्प पडून राहिलेले बेडूक पावसाच्या स्पर्शाने बोलू लागतात. काहींना ती ब्राह्मणांची थट्टा वाटते, काहींना पावसाची प्रार्थना. मला वाटतं, ज्याने ते रचलं त्याने आधी बेडूक नीट पाहिला होता. अमरकोशात बेडकाला जे शब्द दिले आहेत त्यांत मंडूक, दर्दुर, भेक यांच्याबरोबर 'वर्षाभू' असाही एक आहे. पावसात होणारा! आणि आपल्या खेड्यांतली धोंडी आठवा. पाऊस लांबला की एखाद्या पोराच्या अंगाला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधायच्या, काठीला बेडूक बांधायचा, घरोघर जायचं आणि बायाबापड्यांनी वरून पाणी ओतायचं. बिचाऱ्या बेडकाचे हाल व्हायचे हे खरंच. पण बेडूक आणि पाऊस यांचं नातं गावाला माहीत होतं. नंतर शिकलेल्या माणसांनी आम्हाला दोनच बेडूक शिकवले, एक कॉलेजात फाडायचा आणि दुसरा 'कूपमंडूक' म्हणून दुसऱ्याला शिवी द्यायचा.

नातवाने मग मला या बेडकाची शास्त्रातली माहिती काढून वाचून दाखवली. ती ऐकताना मला एखादी घराण्याची वंशावळ ऐकावी तशी गंमत वाटली. तुम्हालाही वाटेल म्हणून सांगते.

या कुळाचं नाव स्फेरोथेका. त्यातल्या एका जातीचं वर्णन १७९९ साली श्नायडर नावाच्या जर्मन गृहस्थांनी केलं आणि नाव ठेवलं 'ब्रेव्हिसेप्स', म्हणजे आखूड डोक्याचा. हे श्नायडर मुळात भाषेचे पंडित. ग्रीक भाषेचा मोठा शब्दकोश त्यांनी केला होता. शब्दांचा माणूस बेडकांना नावं देतो, हे ऐकून मला उगाच अभिमान वाटला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं आपल्या देशातला जवळजवळ कुठलाही असा गोलमटोल, माती उकरणारा बेडूक दिसला की 'ब्रेव्हिसेप्स' म्हणून नोंदवायचा, असं चाललं. जसं बाहेरच्या माणसाला सोलापूरची प्रत्येक चादर सारखीच दिसते.

मग आपल्याच लोकांनी नीट पाहायला सुरुवात केली. २०१७ साली पुण्याचे आनंद पाध्ये, नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराची मापं आणि जनुकं तपासून दाखवलं की पश्चिम भारतातला हा बेडूक त्या श्नायडरांच्या बेडकापेक्षा वेगळा आहे. नाव ठेवलं 'पश्चिमा'. किती छान नाव! पण पुढची गंमत ऐका. नेपाळच्या तराईतल्या चितवनमधून असाच एक बेडूक १९९८ साली नोंदवला गेला होता आणि त्याला तिथल्या एका वन्यजीव-अभ्यासकाच्या आडनावावरून 'मास्केयी' नाव मिळालं होतं. २०२१ साली अभ्यासकांनी मांडलं की हे दोन्ही एकच. शास्त्रात नियम असा की आधी ठेवलेलं नाव खरं. त्यामुळे 'पश्चिमा' मागे पडलं आणि आपला बेडूक मास्के झाला. आमच्याकडे मस्के आडनावाची कितीतरी घरं आहेत, तेव्हा मला तो परका वाटला नाही.

याच कुळातल्या आणखी जातींना अलीकडे मिळालेली नावं पाहा. झारखंडातल्या एकीला २०१९ साली 'मगधा', बंगळुरूजवळच्या एकीला २०२० साली 'बेंगळुरू', आणि त्यानंतर आणखी एकीला चक्क आपला अमरकोशातला 'वर्षाभू'. २०१९ साली सह्याद्रीतल्या एका वेगळ्याच लहान बेडकाला तर 'मराठी' असं नाव मिळालं. भाषेवरून ठेवलेलं! आता मराठी भाषा टिकवायची जबाबदारी बेडकांवरही आली म्हणायची. असो.

मुद्द्यावर येते. 'पश्चिमा' हे नाव मागे पडून 'मास्केयी' आलं तेव्हा नुसतं नाव बदललं नाही, त्या बेडकाचा मुलूखही बदलला. आधी वाटत होतं की हा पश्चिम भारतातला प्राणी. आता महाराष्ट्राच्या पठारापासून नेपाळच्या तराईपर्यंत त्याचा विस्तार आहे असं दिसतं. नकाशावर भला मोठा रंगीत डाग. आणि मोठा डाग म्हणजे काळजी नको, असा आपला समज. आंबोलीचा भेक घ्या. २००९ साली त्याचं स्वतंत्र जात म्हणून वर्णन झालं, आंबोली परिसरातल्या लहानशा तुकड्यातला तो प्राणी, त्यामुळे तो गेला तर जगातून गेला, हे सगळ्यांना कळतं. त्याच्यासाठी माणसं रस्त्यावर गाड्या सावकाश चालवा म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचा मुलूख हजार मैलांचा आहे त्याच्यासाठी कुणी गाडी सावकाश चालवत नाही. सगळीकडे आहे ना, मग एका अंगणातून गेला तर बिघडलं कुठे?

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. तो सगळीकडे असतो म्हणजे कुठेतरी एका जागी असतो, आणि मग दुसऱ्या एका जागी असतो. नकाशा माणसाने दुरून काढलेला असतो. त्याचा रंग वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि आत भोकं पडत जातात. या अंगणातून गेला, त्या प्लॉटवरून गेला, पलीकडच्या माळावर मुरूम काढला तिथून गेला. एकही भोक बातमी होण्याएवढं मोठं नसतं. शेवटी पुस्तक म्हणतं 'असतो' आणि आजी म्हणते 'असायचा', आणि दोघं आपापल्या परीने खरं बोलत असतात.

विपुल आहे म्हणून बेफिकीर राहिल्याचे दाखले आपल्यापुढे आहेत. एके काळी आपला देश परदेशात बेडकांच्या तंगड्या पाठवायचा. भातखाचरांतले मोठे बेडूक पोतीच्या पोती जायचे. शेवटी १९८७ साली ती निर्यात बंद करावी लागली. २०२३ साली जगभरच्या उभयचरांचा जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचं म्हटलं आहे. पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षाही त्यांची अवस्था वाईट. आमचा मातीतला बेडूक त्या धोक्याच्या यादीत नाही. त्याच्यावर अन्याय असा नाहीच. त्याच्याकडे फक्त कुणाचं लक्ष नाही.

आणि लक्ष का नाही? कारण तो जिथे राहतो त्या जमिनीकडेच आपण तसं पाहतो. आपल्या बोलण्यात माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे वाया गेलेली, आणि वाया गेलेल्या जमिनीचं काहीही करावं. आमच्या सोलापूरचा माळ तसा भाग्यवान. नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं आणि हरीण, लांडगा, धाविक असे किती जीव त्या सावलीत आले. पण माळढोक होता दिसणारा, उंच, ऐटबाज. तोही आता इथे दिसेनासा झाला. मातीखाली दडलेल्या चार सेंटिमीटरच्या प्राण्यासाठी कोण अभयारण्य करणार? आणि करूही नये. त्याला अभयारण्य नको आहे. त्याला फरशी नसलेली जमीन हवी आहे, एवढंच.

आता स्वतःची चूक सांगते, म्हणजे दुसऱ्याला बोलायचा हक्क मिळेल.

१९८९ साली आम्ही जुळे सोलापुरात घर बांधलं. तेव्हा आजूबाजूला माळच होता. पहिल्या पावसाच्या रात्री जो गलका सुरू व्हायचा त्याने झोप उडायची. आमच्या शेजारच्या पद्मशाली समाजातल्या काकू तेलुगू बोलायच्या, त्या म्हणायच्या "कप्पा आले." पलीकडचे कानडी बोलणारे आजोबा म्हणायचे "कप्पे आले." आमच्या घरी "बेडूक आले." तिन्ही भाषांत तक्रार एकच, झोप नाही. सकाळी दार उघडलं की पायरीवर, बाथरूमच्या मोरीजवळ, तुळशीच्या कुंडीखाली हे गोटीबंद पाहुणे बसलेले असायचे. आमचे हे त्यांना सुपलीत घेऊन फाटकाबाहेर सोडून यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते परत हजर.

२०११ साली हे चिखलात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी त्याच उन्हाळ्यात सगळ्या अंगणाला शहाबादी फरशी घालून घेतली. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक वीतही माती ठेवली नाही. सांधेसुद्धा सिमेंटने भरले. त्या वेळी तेच बरोबर वाटलं आणि आजही ते अगदी चूक होतं असं म्हणवत नाही. माणसाचं हाड मोठं की बेडकाचं घर, असा प्रश्न आला तर मी माणसाच्याच बाजूने. पण प्रश्न तसा नव्हताच. फाटकापासून दारापर्यंत तीन फुटांची वाट फरशीची केली असती तरी भागलं असतं. बाकीचं मी केलं ते 'स्वच्छ दिसतं' म्हणून. फरशीखाली त्या वर्षी किती जण झोपलेले असतील आणि पाऊस आल्यावर वर यायला निघाले असतील, हा विचार तेव्हा शिवलाही नाही. आता शिवतो. त्यानंतर अंगणात बेडूक दिसला नाही. म्हणून 'असायचा'.

गेल्या वर्षी आमच्या कॉलनीच्या सभेत विषय निघाला. कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. पावसात तिथे पाणी साचतं, मुलं चिखल करतात. तिला पेव्हर ब्लॉक घालावेत, कडेने बाकं ठेवावीत, असा प्रस्ताव. सगळ्यांच्या माना डोलल्या. मी हात वर केला आणि म्हटलं की निम्मी जागा तरी मातीची ठेवा. का, तर बेडकांसाठी. सभेत जो हशा पिकला तो मी पन्नास वर्षांपूर्वी एका वर्गात ऐकलेला होता.

एक तरुण गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्हाला बेडूक हवेत, आम्हाला डेंग्यू नको." हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मुलीला आदल्या वर्षी डेंग्यू झाला होता, पोर मरता मरता वाचली होती. मी त्यांना एवढंच म्हटलं की डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. गच्चीवरची उघडी टाकी, कूलर, कुंडीखालची बशी, जुने टायर ही त्याची घरं. ती आधी तपासू, मी स्वतः तुमच्याबरोबर जिने चढते. आणि पेव्हर ब्लॉक घातले तर पाणी जमिनीत मुरणार कुठे? ते रस्त्यावर येईल, आणि मार्चपासून आपण टँकरची वाट बघत बसू. दुष्काळी जिल्ह्यातली माणसं आपण, आपल्या दारात पडलेलं पाणी गटारात घालायला वर्गणी काढतो आहोत!

बेडकापेक्षा टँकरचा मुद्दा लोकांना पटला. मला वाईट वाटलं नाही. बेडकाचं आणि आपलं पाणी एकच आहे, हे ज्याला जसं कळेल तसं कळावं. शेवटी ठरलं की कडेचा एक पट्टा मातीचा राहील. अध्यक्ष जाता जाता म्हणाले, "बाई आहेत तोवर राहू द्या." ते प्रेमाने म्हणाले, पण मी शहात्तर वर्षांची आहे. 'बाई आहेत तोवर' ही मुदत फार लांबची नाही, हे मला कळतं. म्हणून ही गोष्ट माझी हौस म्हणून राहू नये, यासाठी हा लेख.

माझी मागणी फार मोठी नाही. घर बांधताना, कॉलनी आखताना, शाळेचं मैदान करताना थोडी जमीन उघडी ठेवा. झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेऊ नका. आणि शाळांतल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक विनंती. पहिला पाऊस झाला की मुलांना एक ओळ लिहायला सांगा. काय दिसलं, कुठे दिसलं, कोणत्या तारखेला. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या तर सोलापूरच्या नकाशातली भोकं दिसतील, आणि कदाचित काही ठिकाणी भोक नाही हेही दिसेल. त्यासाठी जनुकं तपासायला नको, डोळे पुरतात. आणि मागच्या रांगेतला कुणी उठून पुस्तकाविरुद्ध काही बोलला तर पट्टी उचलायच्या आधी त्याच्याबरोबर जाऊन पाहून या.

मी एप्रिलमध्ये गवंडी बोलावून तुळशीजवळच्या सहा फरशा काढून घेतल्या. खालची माती पांढरी पडली होती, दगडासारखी घट्ट. खुरप्याने भुसभुशीत केली, थोडी वाळू मिसळली, रोज तांब्याभर पाणी घालते. गवंड्याने विचारलं, "आजी, इथं काय लावायचं?" मी म्हटलं, "काही नाही. नुसतीच ठेवायची." तो माझ्याकडे बघतच राहिला.

जूनमध्ये पाऊस झाला. मुंग्या आल्या, एका संध्याकाळी पंख फुटलेल्या वाळव्या उठल्या. बेडूक अजून आलेला नाही. नातू म्हणतो, "आजी, मोकळ्या जागेपासून इथपर्यंत यायला त्याला दोन रस्ते ओलांडावे लागतील." बरोबर आहे त्याचं. रात्री पाऊस लागला की मी खिडकी उघडी ठेवून झोपते.